जुनी यांत्रिक नौका घेताना : आधी पाणी, मग कागदपत्रे, शेवटी किंमत

बुलडाणा (प्रतिनिधी) : समुद्रकिनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या बुलडाणा जिल्ह्याचा नौकानयनाशी संबंध तो काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. मात्र नळगंगा, पेनटाकळी व खडकपूर्णा हे तीन मोठे प्रकल्प आणि ज्ञानगंगा, पलढग, मस, कोराडी, मन, तोरणा व उतावळी हे सात मध्यम प्रकल्प या जिल्ह्यात आहेत. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्पाचे काम सुरू आहे. जलाशयाच्या काठी शेती असलेला हौशी शेतकरी, कृषी पर्यटन केंद्र चालविणारा उद्योजक किंवा मत्स्य व्यावसायिकांची एखादी सहकारी संस्था यांना कधीतरी स्वतःची इंजिनाची नौका असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. नवी नौका मात्र सर्वांच्या आवाक्यातील नाही. क्रीडा व करमणुकीच्या नौकांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. त्यामुळे पहिल्यांदाच नौका घेणाऱ्याची नजर मुंबई, रायगड किंवा रत्नागिरीकडील जुन्या नौकांकडे वळते.

जुनी मोटार घेण्याचा अनुभव पुष्कळांना असतो. जुन्या नौकेचा व्यवहार वरकरणी तसाच भासला तरी त्यात एक मोठा फरक आहे. मोटार घेतली की रस्ता तयार असतो. नौका घेतली म्हणजे पाणी मिळाले, असे होत नाही. बहुतेक खरेदीदार किमतीपासून सुरुवात करतात, मग नौका पाहतात, पुढे कागदपत्रांची चौकशी करतात आणि ती कोठे चालवायची याचा विचार अखेरीस करतात. हा क्रम नेमका उलटा असायला हवा.

कोणत्या पाण्यात चालविणार?

धरणाचा जलाशय ही शासनाची मालमत्ता असते. सिंचन प्रकल्पांचे जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात आणि त्यांच्या लेखी परवानगीवाचून तेथे खासगी यांत्रिक नौका चालविता येत नाही. काठावर आपली जमीन असली तरी त्यामुळे पाण्यावर हक्क निर्माण होत नाही. बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मत्स्य व्यावसायिकांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. पाण्यात त्यांची जाळी लावलेली असतात. नौकेच्या पंख्यात नायलॉनचे जाळे अडकले, तर एका कुटुंबाचे उत्पन्न जाते आणि नौकाही जागच्या जागी बंद पडते. म्हणून जलसंपदा विभागाबरोबरच त्या जलाशयावरील मत्स्य संस्थेशी आधी बोलणे शहाणपणाचे ठरते.

काही पाणी पूर्णपणे वगळावे लागते. लोणार सरोवर हे अभयारण्य असून २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे खासगी नौकेचा विचारही करू नये. पलढगचा जलाशय ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरात असल्याने तेथे वन विभागाचे नियम आड येतात. येळगावच्या धरणातून बुलडाणा शहराला पिण्याचे पाणी मिळते. अशा जलाशयात तेल गळणारे जुने इंजिन उतरविण्यास यंत्रणा अनुकूल राहील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

परवानगीनंतरचा प्रश्न पाण्याच्या खोलीचा. ऑक्टोबरमध्ये तुडुंब दिसणारा जलाशय एप्रिल-मे महिन्यांत मृतसाठ्याच्या जवळ जातो. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर सुरू होते. बुडीत क्षेत्रातील घरांचे चौथरे, विहिरींचे काठ आणि बाभळीचे बुंधे पृष्ठभागाच्या अगदी खाली येतात. खरेदीपूर्वी उन्हाळ्यात एकदा जलाशयाची फेरी मारून, स्थानिक मच्छीमाराला सोबत घेऊन, अशा जागा नकाशावर टिपून ठेवाव्यात. वर्षातील किती महिने नौका प्रत्यक्ष चालेल, हे तेव्हाच कळते. आठ महिने तिला काठावर ताडपत्रीखाली ठेवावे लागणार असेल, तर सगळा हिशेब नव्याने मांडावा.

क्रूझर हवी की उघडी नौका?

झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर व शौचालय असलेल्या केबिनच्या नौकेला सामान्यतः क्रूझर म्हणतात. मुंबईच्या बंदरात अशा जुन्या नौका विक्रीसाठी येतात आणि छायाचित्रांत त्या मोहक दिसतात. परंतु त्या मुक्कामाच्या सागरी सफरींसाठी बांधलेल्या असतात. त्यांचा पाण्याखालचा भाग पाऊण ते एक मीटर खोल असू शकतो. इंजिन बहुधा नौकेच्या पोटात बसविलेले असते. दुरुस्तीसाठी सागरी इंजिनांचा जाणकार लागतो आणि नौका पाण्याबाहेर काढायला क्रेन लागते. घाटाखाली असो वा घाटावर, आपल्या जलाशयांच्या काठी यांपैकी काहीही सहज मिळत नाही.

त्या तुलनेत पाच-सहा मीटर लांबीची, सपाट किंवा उथळ तळाची फायबरची उघडी नौका आणि तिच्या मागील बाजूस अडकविलेले आउटबोर्ड मशीन ही जोडी जिल्ह्यातील पाण्याला अधिक मानवते. ती फूट-दीड फूट पाण्यात चालते आणि ट्रेलरवरून घरी नेता येते. मशीन काढून दुरुस्तीला पाठविणेही शक्य होते. प्रथमच नौका घेणाऱ्याने केबिनचा मोह टाळावा, हा सल्ला रुक्ष वाटला तरी हिताचा आहे.

कागदपत्रे

देशातील नद्या, कालवे, तलाव अशा अंतर्गत पाण्यातील यांत्रिक नौकांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम २०२२ मध्ये अमलात आला. त्यानुसार यांत्रिक नौकेचे सर्वेक्षण, नोंदणी व विमा ही तीन अंगे महत्त्वाची ठरतात. राज्यात नौकांची तपासणी व नोंदणी हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मंडळाची स्थापना १९९६ च्या कायद्याने झाली. त्याची प्रादेशिक बंदर कार्यालये वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी व वेंगुर्ला या किनारपट्टीवरील गटांत विभागलेली आहेत. बुलडाण्यातील खरेदीदाराने हे अंतर वेळेच्या व खर्चाच्या हिशेबात धरावे.

विक्रेत्याकडून पुढील कागद मूळ स्वरूपात पाहावेत : नोंदणी प्रमाणपत्र, मुदतीतील सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा, इंजिन खरेदीची पावती, नौका वा इंजिन परदेशातून आणले असल्यास सीमाशुल्क भरल्याचा दाखला, कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि बंदराची थकबाकी नसल्याचा पुरावा. प्रमाणपत्रावरील लांबी, रुंदी, बांधणीचे वर्ष व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष नौकेशी जुळतात की नाही, हे स्वतः पडताळावे. आउटबोर्ड मशीनचा क्रमांक ते नौकेला अडकविण्याच्या ब्रॅकेटवरील पट्टीवर असतो. ही पट्टी खरवडलेली, रंगविलेली किंवा नाहीशी असेल, तर तेथूनच परत फिरावे.

नोंदणी कोणत्या उपयोगासाठी झाली आहे, हेही पाहावे. मासेमारीसाठी नोंदलेल्या नौकेतून पर्यटक नेता येत नाहीत. उपयोग बदलायचा असल्यास पुन्हा तपासणी आणि नोंदीत बदल आवश्यक असतो. प्रवासी क्षमतेचा आकडा प्रमाणपत्रात असतो आणि तोच अंतिम मानावा. पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा विचार असेल, तर चालकाकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र हवे. केवळ मुद्रांक कागदावर सही-शिक्का झाल्याने मालकी पूर्ण होत नाही. नोंदवहीत नाव चढणे हाच खरा शेवट होय.

रेतीच्या बोटींपासून सावध

जिल्ह्यात काठावरच, अगदी कमी किमतीत, कागदपत्रांविना मिळणारी बोट हा सर्वांत मोठा सापळा आहे. देऊळगावराजा तालुक्यातील खडकपूर्णा जलाशयात, ज्याला संत चोखामेळा सागर म्हणतात, यांत्रिक बोटींद्वारे अवैध रेतीउपसा होत आला आहे. अशा बोटी महसूल यंत्रणेने पकडून जिलेटिनच्या स्फोटाने नष्ट केल्याच्या कारवाया अलीकडच्या वर्षांत झाल्या आहेत. कारवाईच्या भीतीने विकायला काढलेली बोट एखाद्या अनभिज्ञ माणसाच्या गळ्यात पडली, तर त्याच्या पैशांसह नावही अडचणीत येते.

अशी बोट ओळखणे फारसे कठीण नाही. तिच्यावर रेती ओढणारा पंप बसविल्याच्या खुणा, जाड पाइपांसाठी कापलेली भोके, ट्रक किंवा ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जोडण्यासाठी वेल्डिंग केलेली चौकट आणि रेतीच्या घर्षणाने झिजलेला पृष्ठभाग दिसतो. नोंदणी क्रमांक नसतो. विक्रेता स्वतःचे नाव कागदावर द्यायला कचरतो. किंमत कितीही कमी असली तरी अशा व्यवहारात पडू नये.

तळ आणि सांगाडा

नौकेची तपासणी ती पाण्याबाहेर असतानाच करावी. कोकणात पावसाळ्यापूर्वी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तळ नीट पाहण्यासाठी हा काळ सर्वांत उत्तम. पाण्यात तरंगणारी नौका वरून पाहून पसंत करणे म्हणजे घराचा पाया न पाहता रंगावर भुलणे होय.

फायबरच्या नौकेचा तळ लहान लाकडी हातोडीने किंवा नाण्याने वीतभर अंतरावर ठोकत जावे. सर्वत्र टणक आवाज आला पाहिजे. कोठे बद्द आवाज आला, तर आतील थर सुटले असण्याची शक्यता असते. तळावर फोड आले असतील, तर पाणी थरांत शिरले आहे असे समजावे. नुकताच दिलेला जाड रंग हा नेहमीच सौंदर्यासाठी असतो असे नाही. मागील उभी फळी, जिच्यावर मशीनचा सारा भार व जोर येतो, ती विशेष काळजीने तपासावी. फायबरच्या आवरणाखाली तेथे बहुधा प्लायवूड असते आणि ते आतून कुजते. मशीन वर उचललेल्या अवस्थेत धरून खाली-वर हलविले असता फळी वाकत असेल किंवा बोल्टांभोवती तपकिरी पाणी पाझरत असेल, तर दुरुस्ती मोठी असते.

लाकडी नौकेत लाकूड पोखरणारा सागरी किडा ही समुद्रातील मोठी आपत्ती. तो गोड्या पाण्यात जगत नाही. पण त्यामुळे निश्चिंत होण्याचे कारण नाही. गोडे पाणी, विशेषतः नौकेत साचून राहिलेले पावसाचे पाणी, लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक पोषक असते. फळ्यांच्या सांध्यांत आणि तळातील आडव्या लाकडांत टोकदार दाभण टोचून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड गेलेच.

मोठ्या रकमेच्या व्यवहारात स्वतंत्र नौका सर्वेक्षक नेमणे योग्य. तो खरेदीदाराने निवडलेला असावा, विक्रेत्याने सुचविलेला नव्हे.

इंजिन

इंजिन पाहायला जाताना ते थंड असावे, अशी अट घालावी. आपण पोहोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवलेले असेल, तर सकाळचा त्रास लपविला जात असण्याची शक्यता असते. सुरू केल्यावर आउटबोर्ड मशीनमधून थंडाव्याच्या पाण्याची धार अखंड पडली पाहिजे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही. पांढरा धूर बराच वेळ टिकला, तर ज्वलन कक्षात पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा. दोन-स्ट्रोक मशीन इंधनात तेल मिसळूनच चालते, त्यामुळे त्यात थोडा निळसर धूर दिसणे स्वाभाविक आहे.

मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास कारण शोधावे. खालच्या गिअरपेटीतील तेलाचे थोडे थेंब काढून पाहावेत. ते दुधासारखे दिसत असेल, तर सीलमधून पाणी आत गेलेले आहे. पंख्याची पाती वाकलेली असल्यास आतील दांडाही तपासावा.

इंधनाचा खर्च अनेकांच्या लक्षात नंतर येतो. ४० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक पेट्रोल मशीन पूर्ण वेगात तासाला साधारण १२ ते १५ लिटर पेट्रोल घेते. क्रूझरमधील १०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला २० ते २५ लिटर डिझेल घेऊ शकते.

खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात

समुद्रात वापरलेल्या नौकेच्या अंगात मीठ मुरलेले असते. इंजिनातील पाण्याचे मार्ग, विजेच्या जोडण्या, सुकाणूच्या तारा आणि इंधन टाकीचे तळ यांत गंज शोधावा. इंजिनाचा धातू वाचविण्यासाठी समुद्रात जस्ताचे झिजणारे ठोकळे लावतात. गोड्या पाण्यात जस्त पुरेसे काम करीत नाही. तेथे मॅग्नेशियमचे ठोकळे योग्य ठरतात.

आणखी एक बाब. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे तीच नौका जलाशयात किंचित अधिक बुडते. दोन टन वजनाच्या नौकेच्या बाबतीत हा फरक सुमारे पन्नास किलो वजन वाढल्याइतका, म्हणजे जवळजवळ एका माणसाइतका असतो. समुद्रात जेमतेम भार पेलणारी नौका येथे आणून तितकीच भरणे धोक्याचे. याशिवाय जलाशयातील गाळ पाण्याच्या पंपाचे रबरी चाक झिजवितो आणि जलपर्णी पाणी आत घेण्याचे छिद्र बंद करते. ही दोन्ही ठिकाणे प्रत्येक फेरीनंतर पाहावीत.

आणायची कशी?

मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीचा खुला झाल्याने किनाऱ्याकडून जिल्ह्यात येणे सुकर झाले आहे. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची सर्वसाधारण रुंदी २.६ मीटरपर्यंत मर्यादित आहे. दहा-अकरा मीटर लांबीच्या क्रूझरची रुंदी बहुधा तीन मीटरहून अधिक असते. असा माल नेण्यासाठी विशेष परवानगी, योग्य ट्रेलर आणि दोन्ही टोकांना क्रेन लागते. जलाशयाच्या काठापर्यंत जड ट्रेलर जाईल असा पक्का उतार आहे का, हेही आधीच पाहून ठेवावे. काळ्या मातीत रुतलेला ट्रेलर पावसाळ्यात महिनाभर तेथेच राहू शकतो.

इसार आणि किंमत

नौका पसंत पडली तरी पूर्ण रक्कम देऊ नये. इसार द्यावा व इसार पावतीवर तीन अटी स्पष्ट लिहून घ्याव्यात : तपासणीचा अहवाल समाधानकारक असणे, पाण्यावरील चाचणी यशस्वी होणे आणि नोंदणी खरेदीदाराच्या नावे होणे. यांपैकी एक जरी बिघडले, तरी इसार परत मिळेल असा उल्लेख त्यात असावा. चाचणी किमान अर्ध्या तासाची असावी. तीत मंद गती, पूर्ण गती, मागे जाणे, तीव्र वळण आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू करणे हे सर्व पाहावे. परत आल्यावर नौकेच्या तळात पाणी साचले आहे का, तेही पाहावे.

नौकेच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीवर जाते, असा ढोबळ ठोकताळा जगभर मानला जातो. जुन्या नौकेत तो आकडा पहिल्या वर्षी वाढण्याचीच शक्यता अधिक. वाहतूक, नोंदणी, विमा, जीवरक्षक साहित्य आणि पहिली दुरुस्ती यांची बेरीज करून उरलेल्या रकमेतच नौकेची किंमत बसवावी.

सुरक्षा साहित्य किमतीतच धरा

आतल्या पाण्याला समुद्राइतके भय नसते, हा समज घातक आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात वर्धा नदीत झुंज येथे नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावरील बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. आपल्याकडेही एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर अवकाळी वारे अचानक उठतात आणि रुंद जलाशयावर काही मिनिटांत लाटा उसळतात.

म्हणून जितकी माणसे तितकी प्रमाणित जीवरक्षक जाकिटे, मुलांसाठी त्यांच्या मापाची वेगळी, अग्निशामक, पाणी उपसण्याचा पंप आणि बादली, दोन वल्ही, नांगर व दोर, शिट्टी आणि विजेरी एवढे सामान नौकेत असलेच पाहिजे. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. जाकिटे बाकाखाली ठेवण्यासाठी नसतात; नौकेत पाऊल टाकण्यापूर्वी ती अंगात असावीत. विक्रेत्याने दिलेली जुनी जाकिटे हाताने दाबून पाहावीत. आतील फोम कडक झालेला वा चुरा झालेला असल्यास ती टाकून द्यावीत.

जलसंपदा विभागाची परवानगी, मुदतीतील प्रमाणपत्रे, टणक तळ आणि थंड अवस्थेत सहज सुरू होणारे इंजिन या चार गोष्टी जुळल्यावरच किमतीची बोलणी सुरू करावीत. त्यांतील एखादी जुळत नसेल, तर विक्रेत्याने कितीही सूट देऊ केली तरी नौका घेऊ नये. पुढील पावसाळ्यात पुन्हा नौका शाकारल्या जातील आणि निवडीला वाव मिळेल.